फाटक बंद ठेवायचा दिवस

७ सप्टेंबर

राजा,

'अनेक आशीर्वाद' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तेही बाबांनी ठेवलेलं. आता तुला या नावानं हाक मारणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

हे पत्र तुला एवढ्यात मिळणार नाही. लिहून झालं की पाकिटात घालून शिवणाच्या डब्यात ठेवणार आहे. ऑक्टोबर संपला की सगळी पत्रं एकदम टपालात टाकीन. तोवर तुला यातलं अक्षरही कळता कामा नये, आणि मला तर कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. मनातलं सांगायला माणूस शोधू लागले की अजून तूच आठवतोस. इतकी वर्षं तुझ्यावर दात धरून बसलेल्या बाईला हे शोभत नाही, पण आहे ते असं आहे.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी घरी पत्र लिहावं लागे. सिस्टर ते वाचत आणि मगच पाकीट बंद होई. त्या पत्रांत मी कायम मजेत असे. ताप आला होता, रडू येत होतं, शेजारच्या खाटेवरची मुलगी माझे मोजे पळवत होती, यातलं काही त्यात नसे. पत्रात काय लिहायचं नाही हे मी तिथंच शिकले. दर वाढदिवसाला मी तुला जे दोन ओळींचं कार्ड पाठवते, ते सिस्टरांनी डोळे मिटून पास केलं असतं.

तू टेकडी हॉटेलवाल्यांना विकतो आहेस हे मला बेकरीत कळलं. बेकरीवाल्यानं एक गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "बाई, यात तुम्ही आहात." खरंच होते. हातात काठी, डोक्यावर बाबांची जुनी टोपी, मागे दर रविवारी माझ्याबरोबर टेकडी चढणारी आमची मंडळी, आणि खाली छापलेलं: 'पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पावलांनी घडलेली वाट'. आतल्या पानावर नकाशा. बुरुजाच्या जागी जेवणाचा सज्जा, झऱ्याच्या जागी पोहण्याचा तलाव, आणि खालच्या फाटकापाशी लाल अक्षरात 'प्रवेश फक्त पाहुण्यांना'. मी त्याच्याकडून आणखी दोन प्रती मागून घेतल्या. तो हसला. त्याला वाटलं, फोटो छान आला म्हणून.

आता खरं सांगते. बाबा वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवायचे, आठवतं? तुझ्या वाढदिवशी, अठरा ऑक्टोबरला. बटाटे काढून झालेले असायचे, कुणाचं काम अडायचं नाही. सकाळीच साखळी घालून ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. कुणी आलं की म्हणायचे, "आज टेकडी राजाची आहे. उद्या या." आणि तू वर बुरुजावर चादरीचा झगा करून हुकूम सोडत फिरायचास. प्रजा म्हणजे मी आणि दोन मेंढ्या.

ते तुझ्या वाढदिवसासाठी नव्हतं, राजा.

आपल्या भागात वाटांचा एक जुना कायदा आहे. कुणाच्या जमिनीतून लोक एक तपभर उघडपणे जात-येत राहिले, आणि त्या बारा वर्षांत मालकानं त्यांना एकदाही अडवलं नाही, तर ती वाट लोकांची होते. मग ती कुणाला बंद करता येत नाही, तिच्यावर काही बांधता येत नाही. एकच दिवस अडवलं तरी पुरतं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बाबा वर्षभर कुणालाही जाऊ द्यायचे आणि एक दिवस अडवायचे. तारीख विसरू नये म्हणून तुझा वाढदिवस धरला.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी सुट्टीत घरी आले होते, फाटकाशी त्यांच्यासोबत बसले होते. वरून तुझी आरोळी ऐकू येत होती. बाबा म्हणाले, "राजाला सांगू नकोस हं. त्याला वाटू दे त्याच्यासाठीच आहे."

फाटक शेवटचं बंद झालं ते एकतीस ऑक्टोबरला. ते तूच बंद केलंस. येत्या एकतीसला त्याला एक तप पुरं होईल.

ताई

२१ सप्टेंबर

राजा,

आज आम्ही वर गेलो होतो. तू या वाटेनं शेवटचा पायी कधी चढलास, तुला तरी आठवतं का? गाडीनं मागच्या रस्त्यानं वर जाणं म्हणजे चढणं नव्हे.

फाटकातून आत गेलं की डावीकडे बटाट्याची रानं. पाला पिवळा पडू लागला आहे. उजवीकडे गव्हाचं धसकट, त्यात कावळ्यांची सभा. पुढे दगडी बांधाच्या कडेनं वाट चढते, आणि पहिल्या वळणावर तो पोटात खळगा असलेला दगड. मंडळींना मी तिथं थांबवते आणि साथीची गोष्ट सांगते. वरच्या वस्तीत साथ आली तेव्हा तिथल्या लोकांनी आपणहून खाली उतरणं बंद केलं. खालचे लोक दगडाशी पीठ ठेवून जायचे. वरचे दूध ठेवून जायचे. एकमेकांचं तोंड न बघता त्यांनी अख्खा हिवाळा काढला. आमच्यातल्या ग्रंथपाल बाई प्रत्येक वेळी डोळे पुसतात. मी पुसत नाही. मला दर वेळी आपण दोघं आठवतो, आणि आपल्यात तर साथही आली नव्हती.

त्या दगडापासून झऱ्यापर्यंत मी तुला पाठुंगळीला न्यायची. तू माझी वेणी लगामासारखी धरायचास. झऱ्याशी उतरवलं की म्हणायचास, "घोडं दमलं का?" दमलेलं घोडं मग तुला ओंजळीनं पाणी पाजायचं.

वरून आज सगळं लख्ख दिसत होतं. नदीचं वळण, कौलांच्या कारखान्याची धूर नसलेली चिमणी, आणि पार पलीकडे माझ्या शाळेचा मनोरा. तिथल्या खिडकीतून मी ही टेकडी बघत असे. दोन्हींच्या मधे किती शेतं आहेत ते मला तोंडपाठ होतं. बुरुजावर पूर्वी जाळ पेटवून खोऱ्याला सावध करत, हे मी सांगते. दाताचे डॉक्टर बुरूज बघून दर वेळी म्हणतात, "याचं रूट कॅनल करायला हवं," आणि आम्ही दर वेळी हसतो. अशी माणसं आहेत. बरीचशी म्हातारी. गुडघे कुरकुरतात, पण रविवार चुकवत नाहीत. यातल्या कोर्टातून निवृत्त झालेल्या बाई सोडल्या तर कुणालाच माहीत नाही की आपण टेकडीवर नुसते फिरायला येत नाही.

उतरताना मी फाटकाशी मागे राहिले. राहतेच.

त्या एकतीस ऑक्टोबरला बाबांना गाडीत मागच्या सीटवर उशा लावून बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जे काय मागतील ते करा. त्यांनी एकच मागितलं. बुरुजापर्यंत जाता आलं नाही तरी दगडापर्यंत, तेही नाही तर फाटकातून आत चार पावलं. आणि फाटकाला कुलूप. वर तुझे कुणी बडे पाहुणे आले होते. टेबलावरची पांढरी छत्री मला खालून दिसत होती. वॉचमननं तुला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, मालक आलेत. हो, मोठे मालक. गाडीत आहेत." मी त्याच्या शेजारी उभी होते. मग त्यानं ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब म्हणतात, उद्या आणा."

तोवर बाबांची आठवण पार विस्कटली होती. काचेतून त्यांनी साखळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आज राजाचा वाढदिवस का गं?"

मी हो म्हणाले.

"बघ," म्हणाले, "पोरगा विसरला नाही."

आणि परत जाताना सबंध वाट ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. आठवडा संपायच्या आत गेले.

जमीन तुझ्या नावावर झाली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. आजही मला वीतभर नको आहे. पण ती खुशी, राजा. ती तू न देता तुझ्या नावावर जमा झाली, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाबा गेले त्याच आठवड्यातल्या रविवारी मी पहिल्यांदा एकटी चढले. तुझ्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी कुलूप निघालेलं होतं.

ताई

५ ऑक्टोबर

राजा,

काल तुझा फोन आला. तुझा आवाज ऐकून मी स्टुलावर बसले. किती बाबांसारखा झाला आहे तो. बोलण्याआधी घसा साफ करायची ती लकबसुद्धा.

तू म्हणालास, यंदा साठी. हॉटेलच्या बाईंना त्याच दिवशी वर बोलावलं आहे, सही महिनाअखेर. मग म्हणालास, "ताई, मनात आलंय की बाबा करायचे तसं करावं. त्या दिवशी फाटक बंद. टेकडी फक्त आपली. तू ये, मी, मुलं. शेवटचं एकदा."

बारा वर्षांत तुला हे एकदाही सुचलं नाही. मोठा झालास तसा तुला तो पोरखेळ वाटला, बाबा आजारी पडल्यावर तर तो दिवस कधी येऊन गेला हेही कुणी विचारलं नाही. आणि आता, तप पुरं व्हायला सत्तावीस दिवस उरलेले असताना, तुला बाबा आठवले. बरं, आठवले ते लबाडीनं नव्हे. मला तुझी लबाडी ओळखता येते, लहानपणापासून तुझं नाक वाजतं. नाक वाजत नव्हतं. तुला खरंच ते हवं होतं.

मी म्हणू शकले असते, कर रे. तुझ्या आयुष्यात बाबांसाठी केलेली ती एक गोष्ट झाली असती. साखळी घातली असतीस, आणि माझी सगळी वर्षं, थंडीतले, गुडघेदुखीतले, सर्दीतले सगळे रविवार त्या साखळीबरोबर खाली पडले असते. आणि महिनाअखेर तू सही केली असतीस.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीकडे बघितलं आणि म्हणाले, "राजा, साठी काय एकट्यानं करायची असते? आमची रविवारची मंडळी आहेत, त्यांची माणसं आहेत. फाटक उघडं ठेव. सगळे चढून येतील, तुला शुभेच्छा देतील, दोन गाणी म्हणतील. हॉटेलच्या बाईंना पण दिसू दे, या टेकडीवर लोकांचा किती जीव आहे."

तू घसा साफ केलास. मला वाटलं, ओळखलंस. मग तू म्हणालास, "खरंच येतील लोक?"

त्या प्रश्नात तू पुन्हा सात वर्षांचा होतास. शाळेतली पोरं वाढदिवसाला येतील का, हे तू मला असंच विचारायचास, आणि मी गल्लीतनं पोरं गोळा करून आणायची.

"येतील," मी म्हणाले. "मी आणते ना."

"ताई," तू म्हणालास, "तू अजून माझा एवढा विचार करतेस."

करते. दुसरं काय केलं मी एवढी वर्षं?

फोन ठेवल्यावर हात धुतले. नंतर लक्षात आलं की ते आधीच धुतलेले होते.

ताई

१९ ऑक्टोबर

राजा,

कालचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

सूट घालून तू फाटकाशी उभा होतास. मी कल्पना केली होती की फाटक नुसतं उघडं असेल. पण तुझी हौस दांडगी. एका हातानं फाटक धरून तू एकेकाला आत घेत होतास, दुसऱ्या हातानं हात मिळवत होतास. "या, या. टेकडी तुमचीच आहे." दाताच्या डॉक्टरांना म्हणालास, ग्रंथपाल बाईंना म्हणालास, बेकरीवाल्याला तर दोनदा म्हणालास, कारण त्यानं केक आणला होता. हॉटेलचा फोटोग्राफर सारखा टिपत होता. कोर्टातल्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "हा माणूस स्वतःच साक्षीदार होतोय." मी त्यांना कोपरानं ढोसलं.

मी शेवटी आले. तू माझ्यासाठीही धरलंस. म्हणालास, "या, राणीसरकार." तुझ्या केसांना रंग होता आणि कानापाशी थोडा ओघळला होता. मी रुमालानं पुसला. हात आपसूक गेला.

वर सगळ्यांनी गाणी म्हटली. मग तू बुरुजाच्या पायरीवर चढून वाढदिवसाची गोष्ट सांगितलीस. बाबा, खुर्ची, साखळी, 'आज टेकडी राजाची आहे'. छान सांगितलीस. लोक हळवे झाले. फक्त हॉटेलच्या बाईंनी विचारलं, "दरवर्षी बंद ठेवायचे? न चुकता?"

"न चुकता," तू म्हणालास.

"आणि मग?"

"मग मी मोठा झालो," तू म्हणालास, आणि सगळे हसले.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं, माझ्या मंडळींकडे बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडे. हुशार बाई. मी त्यांच्याकडे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं तसं बघितलं, पाठ ताठ, ओठांवर हसू. त्यांनी आपला चष्मा काढून पुसायला घेतला आणि तुला काही म्हणाल्या नाहीत. तुला सावध करणं त्यांचं काम नव्हतं. त्यांचं काम फार तर सही न करणं.

केक कापून झाल्यावर तू मला झऱ्याकडे घेऊन गेलास. खालच्या रानातून धूर येत होता, कुणी बटाट्याचा पाला जाळत होतं. तू दगडावर बसलास, बूट काढलेस, आणि म्हणालास, "त्या दिवशी, ताई. मला माहीत नव्हतं बाबा गाडीत आहेत. मला वाटलं तू एकटीच आलीयस, भांडायला."

तुझं नाक वाजलं.

मी कितीतरी वर्षं ठरवून ठेवलं होतं की तू नुसतं 'चुकलो' म्हणालास तरी मी सगळं सांगून टाकीन. खोटं वाटेल तुला, पण खरं आहे. अजून वेळ होता. आज सकाळी साखळी घातली असतीस तरी मी हरले असते. 'चुकलो' एवढंच. पण तुला त्यातूनही सुटून जायचं होतं.

"वॉचमननं सांगितलं होतं तुला," मी म्हणाले.

"नव्हतं सांगितलं."

"बरं," मी म्हणाले. "असेल."

तू ओंजळीनं पाणी प्यायलास आणि तेवढ्यावर तुझं समाधान झालं. मला विचारलंस, "घोडं दमलं का?"

मी म्हणाले, "नाही."

ताई

२ नोव्हेंबर

राजा,

एकतीस तारीख गेली. दिवसभर मी फाटकासमोरच्या कट्ट्यावर विणकाम घेऊन बसले होते. वॉचमन बदलला आहे, नवा पोरगेला आहे, त्यानं मला चहा आणून दिला. लोक आले, गेले. शाळेतून येणारी पोरं जवळची वाट म्हणून टेकडीवरून उतरली. पाच ट्रॅक्टर, दोन सायकली, एक भटका कुत्रा. कुणी कुणाला अडवलं नाही. ऊन उतरलं तेव्हा मी दोरा तोडला आणि घरी आले.

काल कोर्टातल्या बाई आणि मी जमिनीच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. मंडळींच्या सह्या, सगळ्या वर्षांचे फोटो, तुझं ते गुळगुळीत माहितीपत्रक, आणि तू फाटक धरून उभा आहेस तो फोटो. तो हॉटेलच्या बाईंनीच पाठवला. सोबत चिठ्ठी होती, की आमची कंपनी आता दुसरी जागा बघते आहे. कारकुनानं फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे मालक?" मी म्हणाले, "माझा धाकटा भाऊ." तो म्हणाला, "मोठ्या मनाचा दिसतो."

तुला कचेरीचं पत्र येईल. त्याच्या आधी हे पुडकं मिळावं म्हणून उद्याच टाकते आहे. वकील लावशील, लाव. ते तुला तेच सांगतील जे बाबा तुला सांगत नव्हते. वाट फाटकापासून झऱ्यावरून बुरुजापर्यंत, मधून जाते. तिच्या दोन्ही अंगाला जमीन तुझीच राहील. बटाटे लाव.

एक प्रश्न मला रात्रंदिवस टोचतो, तो तू विचारायच्या आधी मीच लिहिते. बाबा तर ही टेकडी लोकांची होऊ नये म्हणून जन्मभर खुर्ची टाकून बसले, आणि मी नेमकी तीच लोकांना देऊन टाकली. त्यांना हे आवडलं असतं का? मला माहीत नाही. 'उद्या या' म्हणताना त्यांना मौज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडताना त्याहून जास्त. पण त्यांच्या 'उद्या'ला उद्या असायचा. तुझ्या 'उद्या आणा'ला नव्हता. मला त्यांचा राग ओढवून घ्यावा लागला तर घेईन. वर गेल्यावर भेटतील तेव्हा समजूत काढीन. तुझी काढणार नाही.

आज सकाळी आम्ही चढलो. धुकं होतं, शाळेचा मनोरा दिसला नाही. साथीच्या दगडाशी मी गोष्ट सांगितली नाही, नुसती थांबले. खळग्यात पाणी साचलं होतं. मंडळींना पुढे जाऊ दिलं आणि हा शेवटचा कागद तिथं बसून लिहायला घेतला, म्हणून अक्षर असं आहे.

राजा, फाटक काढू नकोस. उघडं असू दे, पण असू दे. आणि कधी वाटलं तर ये, चाल. कुणी अडवणार नाही. तुझा हक्क आता इतर कुणाहूनही कमी नाही आणि जास्तही नाही. रविवारी आम्ही न्याहारी करून निघतो. चढावर दमलास तर थांबू, पण पाठुंगळीला घेणार नाही.

तू म्हणशील, ताई, एक शब्द बोलली असतीस. मी नाही म्हटलं का कधी? एक शब्द.

बाबांनी सांगितलं होतं, राजाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. आपल्या दोघांत त्यांचं ऐकणारी मीच होते.

ताई